हजेरीफळा

सोमवार, ३
आज सागरी संग्रहालयात रुजू झालो. मागेच राहायला खोली मिळाली. चौथं दालन माझं: मोठ्या खिडक्या, भरपूर उजेड, बसायला खुर्चीसुद्धा. जुना रखवालदार म्हणाला, इथे चोरी होत नाही, लोक फक्त तोफेत चिंगम चिकटवतात. बऱ्याच महिन्यांनी हसलो.

भिंतीवर बुडालेल्या जहाजाचा हजेरीफळा आहे. प्रत्येक नावापुढे पितळी पट्टी. जहाजावर चढताना ती 'जहाजावर'कडे सरकवायची, उतरताना 'किनाऱ्यावर'कडे. एकोणीस नावं, एकोणीसही 'जहाजावर'. अकरावं माझ्या थोरलीचं. ती बिनतारी यंत्र सांभाळायची. हे मी इथे कुणाला सांगितलेलं नाही. विसावी जागा कोरी.

घरी धाकटीला फोन केला. म्हणाली, बाबा, रडायचंच तर निदान पगारी रडा.

बुधवार, ५
खाऱ्या पाण्याने पट्ट्या जाम झाल्यात, असं रखवालदार म्हणाला होता. फळा पुसताना थोरलीची सहज सरकली. 'किनाऱ्यावर'. परत सरकवायला हवी होती. हात धजावला नाही.

गुरुवार, ६
धाकटीचा रागावून फोन. घरी येऊन न्हाणीघर भिजवून गेलात, हाक तरी मारायची, म्हणाली. मी दिवसभर दालनात होतो.

शुक्रवार, ७
ताई आली आहे, असं धाकटी म्हणते. आपल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसली आहे. बोलत नाही. सांगताना धाकटी हसत होती, रडत होती. मग तिला खोकला लागला. थांबेचना.
उद्याची रजा मागितली. देवाचे आभार मानले.

शनिवार, ८
निघण्याआधी फळा पाहिला. विसाव्या जागेवर धाकटीचं नाव उमटतं आहे. फिकट. तिच्यासकट 'जहाजावर' पुन्हा एकोणीस. रखवालदाराला जागा कोरीच दिसते.
गेलो नाही.

रविवार, ९
धाकटी दवाखान्यात. तोंडातून पाणी येतं, खारं. डॉक्टरांना कळत नाही कुठून.
तिच्या नावावर माझं नाव कोरून पाहिलं. टिकत नाही. लाकूड मिटतं.

सोमवार, १०
दालन आतून लावलं. बोट थोरलीच्या पट्टीवर, दुसऱ्या हाताने लिहितो. 'जहाजावर'कडे ढकलवत नाही. ती बुडाली तेव्हा मी नव्हतो. आता मीच—
फोन वाजतो आहे. दवाखाना—
मागे कुणी उभं आहे. वळलो नाही. तिचं बोट माझ्या बोटावर. गार. ती ढकलते आहे, पण कुठल्या बाजूला ते—