दाढ ठणठणीत आहे

३ फेब्रुवारी, सोमवार
पुन्हा दाढ! धाकटी बहीण आणि मी वकीलबाईंकडे चौथ्या मजल्यावर पडदे लावायला गेलो. लिफ्ट बंद. दुसऱ्या मजल्यावर डावा जबडा असा ठणकला की खांद्यावरचा दांडा भिंतीला टेकवून उभी राहिले. छातीही जड. धाकटी पुढे दोन-दोन पायऱ्या चढत होती. वरून ओरडली — "ताई, झोप काढतेस का?"
दोन मिनिटांत कळ गेली. जणू झालंच नाही काही.

५ फेब्रुवारी
दिवसभर दुकानात मशीनवर. सोळा झालरी शिवल्या. दाढ गप्प.

६ फेब्रुवारी, गुरुवार
दाताच्या डॉक्टरणीकडे गेले. पोरसवदा आहे. ठोकून पाहिलं, फोटो काढला. "दाढ ठणठणीत आहे, काकू. दुखते कधी?"
जिना चढताना.
"आणि थांबल्यावर?"
थांबते.
तिने हातातला आरसा खाली ठेवला. "दाताला जिना कळत नाही. आजच हृदयाच्या डॉक्टरांकडे जा." मला हसू आलं. ती हसली नाही.
धाकटी म्हणाली, "दाढ दाखवायला गेलीस आणि काळीज दाखवायला निघालीस!" पण शटर ओढून सोबत आली.
ईसीजी चांगला निघाला. "बघ!" — धाकटी. डॉक्टर म्हणाले, बसल्या जागी चांगला येऊ शकतो. उद्या चालवून पाहू.

७ फेब्रुवारी
सरकत्या पट्ट्यावर चालवलं. पाचव्या मिनिटाला जबडा! कागदावरच्या रेघाही बदलल्या. लगेच थांबवलं.
डॉक्टरांनी नीट समजावलं. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या नळीत चरबीचा थर साचलाय. बसलेलं असताना पुरेल एवढं रक्त जातं. चढ आला की हृदय जास्त मागतं, अरुंद नळीतून ते मिळत नाही, आणि कळ येते. अंजायना. मला वाटायचं, हृदयाचं दुखणं म्हणजे छाती धरून कोसळायचं. "बायकांना बरेचदा जबडा, पाठ, नुसती धाप."
"वडील?" बावन्नाव्या वर्षी गेले. आंघोळीला गेले ते बाहेर आलेच नाहीत.
डॉक्टर धाकटीकडे वळले. "मग तुम्हीही तपासून घ्या."
"मला काय धाड भरलीय?"

८ फेब्रुवारी
जिभेखाली ठेवायची गोळी मिळाली. खाली बसून घ्यायची, उभ्याने नाही. पाच मिनिटांत कळ थांबली नाही तर रुग्णवाहिका. धाकटीने हे सगळं खडूने दुकानाच्या फळ्यावर लिहिलं. गिऱ्हाइकं वाचतात!

१२ फेब्रुवारी, बुधवार
अँजिओग्राफी. मनगटातून हृदयापर्यंत तार घातली. पूर्ण शुद्धीत होते. टेबल गार. भीतीने डोळ्यांतून पाणी, पुसायला हात मोकळा नाही. नर्सने पुसलं.
एक नळी नव्वद टक्के बंद. तिथेच स्टेंट बसवला.

१३ फेब्रुवारी
मनगट काळंनिळं. बाकी ठीक.

२२ फेब्रुवारी
दुसऱ्या मजल्यापर्यंत चढले. सावकाश. काही नाही! तिथेच पायरीवर बसून हसले.
डॉक्टर म्हणतात, फार हुरळू नका. नळी उघडली, रोग आहेच. गोळी एक दिवसही चुकवायची नाही, तेल-मीठ कमी, रोज चालणं.
धाकटी अजून टाळतेच आहे. आज भांडले. म्हटलं, तपासून येईपर्यंत मी कात्रीला हात लावणार नाही. "लग्नसराईचं काम पडलंय आणि तू हट्ट करतेस?" म्हटलं, करते. दुपारपर्यंत हाताची घडी घालून बसले. शेवटी चपला घातल्या धाकट्या बाईंनी.

२४ फेब्रुवारी
रक्तात साखर निघाली तिच्या. पट्ट्यावरच्या रेघाही डॉक्टरांना आवडल्या नाहीत. परवा तार घालणार. "उगाच खर्चात पाडलंस," म्हणाली.

२६ फेब्रुवारी, बुधवार
तिच्या तिन्ही नळ्या बंद होत आल्यात. बायपास, याच आठवड्यात. डॉक्टरांनी तिला घरी सोडलंच नाही. म्हणाले, साखर असली की कळ जाणवतेच असं नाही.
तिला आजवर कधीच काही दुखलं नव्हतं.