आरतीला फुंकलेलं शिंग

३ सप्टेंबर, बॉबलिंगेन
पोहोचले एकदाची. श्रीरंग विमानतळावर लाल फुगा घेऊन उभा होता. छत्तीस वर्षांचा घोडा! घर छान आहे. समोर हिरवळ, पलीकडे मक्याचं शेत. सूनबाई स्वरालीने पुरणपोळ्या केल्या होत्या. फाटल्या, पण केल्या. दिवाणखान्यात घरमालकाचं एक शिंग टांगलेलं आहे, लांबलचक, पिळदार. फुंकायचं भोक टोकाला नाही, बाजूला. स्वराली म्हणाली, केनियातल्या मासाई लोकांचं आहे, मालक तिकडे नोकरीला असताना उचलून आणलं. उचलून! आमच्या कॉन्व्हेंटात याला चोरी म्हणत.

७ सप्टेंबर
गणपती बसले. शंख पुण्यातच राहिला, म्हणून मी शिंग उतरवलं. श्रीरंग म्हणाला, आई, ते कुणालाच वाजत नाही, तुला काय वाजणार. शाळेच्या बँडमध्ये चार वर्षं बिगुल वाजवलाय म्हटलं! आरती संपताच फुंकलं. असं घुमलं की समईची ज्योत आडवी झाली. खालच्या मजल्यावरच्या जर्मन बाई, फ्राऊ केसलर, धावत आल्या, दुपारच्या रूहेत्साइटमध्ये, म्हणजे शांततेच्या वेळेत, हा काय प्रकार म्हणून. मी म्हटलं, देवाला तुमचं वेळापत्रक कळत नाही. स्वरालीने भाषांतर केलं नाही.

८ सप्टेंबर
न्याहारीच्या वेळी हिरवळीवर सात पुरुष उभे. फ्राऊ केसलरचा जावई, कोपऱ्यावरचा बेकरीवाला, वरच्या मजल्यावरचा सुधीर. सगळे श्रीरंगच्याच वयाचे. कुणी कुणाशी बोलेना. तोंडं आमच्या खिडकीकडे. काय तमाशा आहे, विचारलं. एरवी काकू-काकू करणाऱ्या सुधीरने ओळखही दाखवली नाही.

९ सप्टेंबर
सुधीरची बायको नीता रडत आली. त्याने सकाळी डोकं भादरलं, बूट आणि फोन जिन्यात ठेवले, अनवाणी मक्यात गेला. जावईही गेला. बेकरी बंद. पोलीस म्हणतात, सज्ञान माणसं आहेत, वाट बघा.

स्वरालीने तिच्या इन्स्टिट्यूटमधल्या सहकारी नासेरियनला फोन लावला. ती मासाई. तिने आधी मला झापलं, आणि योग्यच झापलं. म्हणाली, हे शिंग एका वयाच्या सगळ्या तरुणांना समारंभाला बोलावतं, तिथे त्यांची डोकी भादरतात. ऐकलं की घरी बसायचं नसतं. समारंभ झाला की वडीलधारे दूध शिंपडून, आशीर्वाद देऊन त्यांना घरी पाठवतात. आमच्याकडे या शिंगाला कुणी घाबरत नाही, पण असं उगाच कुणी फुंकतही नाही. मग तिने विचारलं, तुमच्याकडे परत पाठवणारं कोण आहे?



१० सप्टेंबर
गेलेले परत आले. घरी नाही, हिरवळीवर. आणि आजूबाजूच्या गावांतलेही त्यांच्याबरोबर. चाळीस तरी, सगळे टकले. बोलावलं मी, तर पाठवणारही मीच. खाली गेले, दूध शिंपडलं, हात जोडून म्हटलं, घरी जा बाळांनो. मराठीत सांगितलं, इंग्रजीत सांगितलं. एकही हलला नाही. माझ्याकडे बघतच नव्हते. माझ्या मागे, वर, गॅलरीत.

गॅलरीत श्रीरंग उभा होता.

११ सप्टेंबर
जेवला नाही. म्हणतो, आई, अजून वाजतंय. शिंग तर माझ्या मांडीवर आहे. मला काहीच—

दुपारी
न्हाणीघरात मशीनची घरघर. स्वराली दार बडवतेय—

आला बाहेर. डोकं भादरलेलं. बूट काढतोय. मी दाराला कुलूप घातलं, किल्ली कमरेला—

हसला. म्हणाला, सगळे आलेत गं, मीच राहिलोय.

डाव्या हाताने त्याची बाही धरलीय, उजव्याने लिहितेय. नाही देणार. माझा आहे तो. दार बंद आहे. बाही हातात आहे. बाहीत त्याचा हात नाही—