ढवळीला नेऊ देऊ नका

अहो,

ड्युटीवरून आलात की जेवून घ्या. भाकरी झाकून ठेवलीय, शेंगाची चटणी डब्यात आहे. मी ऑफिसला निघाले.

आज प्राण्यांच्या संस्थेची माणसं ढवळीला परत न्यायला येतील. मला न विचारता फोन तुम्ही केलात, तेव्हा नाही म्हणूनही तुम्हीच सांगा. त्यांना चहा पाजा आणि रिकाम्या हातानं पाठवा.

कुत्री कुणाचं ऐकत नाही म्हणालात. ऐकते की! कर्नाटकच्या सीमेवरच्या मैंदर्गीच्या बाजारात वाढलेली ती, तिला आपलं मराठी कुठून कळणार? काल आप्पा सहज "इल्ली बा" म्हणाले, तर ढवळी शेपूट हलवत त्यांच्या पायाशी जाऊन बसली. मग संध्याकाळभर आप्पांचं कानडी थांबेना. आई गेल्यापासून त्यांच्या तोंडून कानडी ऐकलं होतंत का तुम्ही? बोलायला कुणी उरलंच नव्हतं त्यांना.

आणि दारात आप्पांच्या चपला दिसल्या नाहीत तर घाबरू नका. वर्षभर कोपऱ्यात धूळ खात पडल्या होत्या, आज त्यांनी स्वतःच झटकून घातल्या. ढवळीला फिरवायला गेलेत.

रुपाली