दिनूचा आवाज

गुरुवार, १८ एप्रिल

काल लिहिलं की मुलांनीच चर्चच्या उन्हाळी शिबिराचा हट्ट धरला. ते खरं नाही. जाणार का, असं मीच विचारलं, आणि दादाची मुलं, दिनू, सुमी, दोघंही गप्प राहिली. चुकलं तर खोडायचं नाही, खाली बरोबर लिहायचं, असं माझ्या वडिलांनी, नानांनी, लहानपणी मला घरी शिकवताना सांगितलं होतं.

वहिनी गेल्यापासून दिनू कुजबुजतच बोलतो. रविवारी चर्चच्या मैदानात मात्र तो खेळताना ओरडला. चांगला मोठ्यानं.

पण वहिनीचं वर्षश्राद्ध नेमकं शिबिराच्या दिवसांत येतं, आणि मधेच मुलांना घरी सोडत नाहीत. आई म्हणाली, "आईला पाणी द्यायचं सोडून पोरगं येशूची गाणी म्हणंल व्हय? तिच्या जिवाला काय वाटंल?"

दादा भिंतीकडं बघत म्हणाला, "पाणी मी देतो. पोरांचं तू ठरव."

बाप तो, आणि ठरवायचं मी? वहिनी रागावेल का? तिला विचारता येत नाही, हेच तर दुःख.

आज जेवताना दिनूनं मीठ मागितलं, ते शेजारी बसूनही मला ऐकू आलं नाही; सुमीनं सांगितलं तेव्हा कळलं. मैदानातलं ते ओरडणं मात्र अजून कानात आहे. पाप असेल तर मला लागो.

शनिवारी, २७ तारखेला सकाळी, दोघांना मीच नेऊन सोडणार.