आधी दही, मंग बोंड

२४ ऑक्टोबर
सगळं बिघडलं ते त्या एका वाक्यावर! सुट्टीआधीचा इंग्रजीचा तास, धो धो पाऊस इंग्रजीत सांगायचा होता. मी ताडकन उठून बोललो — ‘रेनिंग डॉग्ज अँड कॅट्स’. सर म्हणाले, “क्या बाबू, तुम्हारे बोथ गाँव में बारिश उल्टी गिरती है क्या?” सगळा वर्ग हसून फुटला. फुटू दे. पण मीनलही हसली! मीनल! वही आपटली, दार आपटलं, बाहेर पडलो. तेव्हापासून माझं कॉलेज बंद.

२७ ऑक्टोबर
दिवाळीची सुट्टी संपली. सगळे परत गेले. मी नाही. जाणारही नाही.

२९ ऑक्टोबर
बसमधली शिकवणी आठवत राहते. सकाळची आदिलाबाद बस, खिडकीत मीनल, बाजूला मी, मधात इंग्रजीचं पुस्तक. मी विचारायचो — ‘कॅट्स अँड डॉग्ज’मध्ये मांजरंच आधी काऊन? कुत्रे आधी पडले तं काय बिघडते? ती म्हणायची, “राग आला की तुह्या अंगाची लाही लाही होते ना? मंग मुरमुरा मुरमुरा काऊन नाही होत? तसंच हाये ते. बांधून आलेले शब्द. सोडाचे नाही, हलवाचे नाही.”
मी म्हटलं, मला तं हलवाले आवडते.
“म्हणूनच नापास होतो तू!” — आणि हसायची. तिचं ते हसू मला दिवसभर पुरायचं.

२ नोव्हेंबर
आज वावरात सीतादही. कापूस वेचायच्या आधीची पूजा. आई दहीभात घेऊन येतच होती. समोर पहिलं बोंड फुटलेलं, पांढरंशुभ्र. मी तोडलं!
आई थबकली. “अरे भारत्या! आधी दही, मंग बोंड! आता दही कोणाले दाखवू, तुले?” हसत सुटली. वेचणाऱ्या बायाही हसल्या. शेवटी दही माझ्याच नाकाला लावलं. मीपण हसलो. राग आलाच नाही!
मग मीनलचंच हसणं काऊन टोचलं? आज पहिल्यांदा नीट आठवून पाहिलं. ओढणी तोंडावर धरून हसली होती — बसमध्ये हसते, अगदी तशीच.

३ नोव्हेंबर
धाकटी बहीण चंदा त्याच बसने शाळेत जाते. आज जेवता जेवता बोलली, “दादा, मीनलताई अजूनबी बाजूच्या सीटवर बॅग ठेवते. कोणी बसाले आलं तं म्हणते, येऊन राह्यला तो.”

४ नोव्हेंबर
बसची वेळ झाली. आधी मीनल, मग सरांची माफी. निघालो. दार ओढून घेतो — हळू.