दाजींची तिथी

प्रिय सोमेश्वर,

‘प्रिय’ हा शब्द सवयीने लिहून गेला. खोडत नाही, पण त्याच्या भरवशावर रविवारी जेवायला येऊ नकोस. या घरात तुला आता पाणीसुद्धा मिळणार नाही.

सात वर्षांपूर्वी तुझ्या दाजींना चोरीच्या चौकशीसाठी म्हणून परतूरच्या मोंढ्यातून, भर बाजारातून, साध्या कपड्यातल्या चौघांनी जीपमध्ये घातलं, तेव्हा मी पहिला फोन तुला केला. भाऊ पोलिसात असल्याचा केवढा तोरा होता मला! “ताई, बोंबाबोंब करू नको, सांजेपर्यंत सोडतेत,” असं तू म्हणालास आणि मी शहाण्यासारखी घरी भाकरी थापत बसले. चौथ्या दिवशी ठाण्यात आले तर तूच टेबलामागे बसून, परक्या बाईला सांगावं तसं सांगितलंस, की बद्रीनाथ नावाचा माणूस इथं आणलाच न्हाई. वर गावभर पसरवलंस की दाजी कुणा बाईपायी पळाले असतील. माय म्हणायची, सोमेश्वरची नोकरी जाईल, जरा दमानं घे. मी दमानं घेतलं, तिथंच चुकले.

यंदा त्यांना उचलल्याची चौकशी व्हावी म्हणून कोर्टात अर्ज केल्यावर मात्र तुला बहिणीचा पुळका आला. अर्ज मागे घे, दर्भाचा पुतळा करून दाजींचे दिवस करू, असं माझ्या सासूबाईंच्या गळी उतरवलंस. त्या रडून रडून थकल्यात, तयार झाल्या. गुरुजींशीही तूच बोलून आलास.

परवा ते गुरुजी विधीचं सामान सांगायला आले. हरवलेल्या माणसाची तिथी कळत नाही, मग अमावास्या धरायची का, असं मी विचारलं. ते म्हणाले, कशाला, तुमच्या भावाने सांगितलीय की, मार्गशीर्ष वद्य पंचमी. सोमेश्वर, त्यांना उचललं ती तृतीया होती. पंचमी मला ठाऊक नाही, सासूबाईंना नाही, गावात कुणालाच नाही. खोटं बोलताना सात वर्षं तुझी जीभ अडखळली नाही, पण चुकीच्या तिथीला पिंड पडून पाप लागेल याची धास्ती बरी वाटली! दोन दिवस ते जिवंत होते आणि मी तुझ्या शब्दावर घरात बसून होते. गुरुजींचं म्हणणं वकीलबाईंनी काल लिहून घेतलं, गुरुजींनी त्यावर सहीही केली. तुला समन्स येईलच. त्याआधी मला एवढं कळव, पंचमीला त्यांना कुठं नेऊन टाकलंत?

तुझीच थोरली बहीण,
शालू