डावा स्पीकर

३ नोव्हेंबर, सोमवार
आलं! एकदाचं आलं! अॅम्प्लिफायर, दोन उभे स्पीकर आणि एक चिमुकला माइक. निवृत्त होताना इरावतीला शब्द दिला होता — रोज संध्याकाळी दोघांनी शेजारी बसून तासभर गाणी ऐकायची. पस्तीस वर्षं मी डेअरीच्या लॅबमध्ये दुधाचं फॅट मोजत बसलो, ही बिचारी घरात एकटी. आता भरपाई.

दुकानाचा कृष्णात जोडून देऊन गेला. म्हणाला, "काका, हातानं काय फिरवायचं न्हाय. माइक तुमच्या खुर्चीत कानाच्या उंचीला ठेवा, बटण दाबा. मशीनच खोलीतला आवाज ऐकून दोन्ही स्पीकर सारखं करतंय. फकस्त पाच मिनिटं घरात गप बसायचं."

गप्प! कोल्हापुरात!

४ नोव्हेंबर
पहिल्या खेपेला शेजारच्या आकारामनं बुलेट चालू केली. दुसऱ्या खेपेला भाजीवाली. तिसऱ्या खेपेला आमचाच कुकर. दर वेळी मशीनचं एकच — गोंगाट फार आहे, पुन्हा मोजा. चौथ्यांदा सगळं शांत झालं, स्पीकरमधून "व्हुईईप" सुरू झालं आणि इरावतीला हसू फुटलं. मग मलाही. पाचव्यांदा जमलं!

५ नोव्हेंबर
डावा स्पीकर बसका आहे. गाणारी बाई समोर मधोमध उभी वाटायला हवी, ती उजवीकडे सरकलीय. पुन्हा मोजलं. मशीन म्हणतं, दोन्ही समान.

इरावती माझ्या डावीकडे बसली होती, मध्येच तडक उठून गेली. "दोनदा विचारलं, चहा ठेवू का. बोलायचं नसंल तर तसं सांगा की." कधी विचारलं?

६ नोव्हेंबर
कृष्णातनं येऊन मोजलं. तेच. मी भडकलो — "मशीनला काय कळतंय? कान माझा आहे!"

दूध घालायला येणारे गवळी मला हेच म्हणायचे. "मशीनला काय कळतंय सायेब, म्हस माजी हाय!" आणि मी मिशीत हसायचो. असो. मशीनचं माप पुसून डावा स्पीकर हातानं चांगला वाढवला. बाई मधोमध आली! झकास!

७ नोव्हेंबर
इरावती आता खोलीतच येत नाही. "डावीकडनं कान फाटतोय माझा. आणि तुमच्याशी बोलणं म्हणजे भिंतीशी बोलणं."

फार वाईट वाटलं. जिच्यासाठी आणलं तीच बाहेर. रागारागानं दुकानाला पत्र लिहिलं — स्पीकर खराब आहे, बदलून द्या. सोमवारी स्वतः जाऊन देणार.

९ नोव्हेंबर, रविवार
आजऱ्याहून इरावतीचा भाऊ गुरुप्रसाद आला. सोबत दोन किलो काजू. पाहुण्याला माझी खुर्ची दिली आणि मी त्याच्यासमोर स्टुलावर बसलो, स्पीकरकडे पाठ करून. मोठ्या तोऱ्यात गाणं लावलं. तर उजवा स्पीकर मुका! डावा नुसता किंचाळतोय!

गुरुप्रसादही कान झाकून, "दाजी, डावा लई वरडतोय की!"

वळून स्पीकरकडे तोंड केलं — सगळं ठीक. पुन्हा पाठ केली — उजवा मुका. चार वेळा फिरलो. "दाजी, चक्कर यील की, बसा!"

बसलो. स्पीकर जागचे हलले नव्हते. फिरत होतो मी, आणि बिघाड माझ्याबरोबर फिरत होता. उजव्या कानात बोट घातलं. गाणं जवळजवळ बंदच झालं.

पाहुणा असल्यामुळे हसत राहिलो.

१० नोव्हेंबर
पत्र फाडलं. मशीननं काढलेलं माप परत लावलं. उद्या अकराला कानाचे डॉक्टर.

इरावतीला सांगितलं. संध्याकाळी तिनं स्वतःची खुर्ची उचलली आणि माझ्या उजवीकडे आणून ठेवली.

गाणं लावलंच नाही. दीड तास तीच बोलत होती.